चौतीस नंबरचा टॉवर

ते सॉफ्टवेअर मीच करून घेतलं. कुणी माझा हात धरून सही करायला लावली नव्हती. आता त्याला सगळे ॲप म्हणतात, पण तेव्हा नाशकात तो शब्द रुळला नव्हता. आमची माणसं त्याला 'पोग्राम' म्हणायची आणि मी मोठ्या ऐटीत 'आमचं मोबाईल सॉफ्टवेअर' म्हणायचे. ती ऐट आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

काम नवऱ्याचं होतं. एका मोठ्या कंपनीची उच्चदाबाची वीजवाहिनी सुरगाण्याच्या डोंगरांतून गुजरातच्या हद्दीकडे जाते. तिच्याखालून पायी फिरायचं, एकेक टॉवर बघायचा आणि काही बिघाड दिसला तर कंपनीला कळवायचं, असा आमचा ठेका. आठ माणसं होती, सगळी त्याच बाजूच्या पाड्यांवरची. नवरा अचानक गेला तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही, सोडून द्या." मी म्हटलं, बघतेच आता. माझ्या जिभेला हाड नाही आणि मी पटकन डोक्यात राख घालून घेते, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. ठेका मी टिकवला. शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या, पण टिकवला.

आठांमध्ये सगळ्यात जुने म्हणजे दादा. ती लाइन उभी राहिली तेव्हा त्यांनी डोक्यावरून सिमेंट वाहिलं होतं. बेचाळीस टॉवर त्यांच्या वाट्याला. शाळेत गेलेले नव्हते, नोंदवहीत अंगठा उठवायचे. दिवाळी सरली, भात-नागली घरात आली, की त्यांचा अख्खा पाडा जीपच्या टपावर बसून निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला उतरायचा आणि पावसाच्या तोंडाशी परतायचा. दादा आणि त्यांची बायको तेवढे मागे राहायचे. बारमाही काम होतं म्हणून. "माझ्या घराची चूल बारा महिने पेटते बाय," हे ते दर भेटीत एकदा तरी म्हणायचे. त्यांना दुसरं काही नको होतं. एवढं काम हातात राहावं आणि म्हातारपणी जीपवर चढायची वेळ येऊ नये, बस्स.

कामही असं करायचे की विचारू नका. टॉवरवर विजेची तार जिला लटकते, ती चिनीमातीच्या थाळ्यांची माळ असते. त्यातली एखादी तडकली तर वेळेत बदलावी लागते, नाहीतर भर पावसात ठिणगी उडून माळच तुटते. दादा फोन करून सांगायचे, "अकराला खालून तिसरी थाळी गेली." कंपनीची माणसं चढून बघायची, तर अकरा नंबरच्या टॉवरवर खालून तिसरीच थाळी तडकलेली. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत. हे कसं कळतं, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. काम होतंय ना, मग झालं!

मग कंपनीत नवीन साहेब आले. तरुण, कडक इस्त्री, बोलणं गोड. म्हणाले, "मॅडम, तुमची माणसं डोंगरात जातात की घरी बसून वहीत टिक मारतात, मला कसं कळणार? पुरावा द्या. नाहीतर पुढच्या वेळी ठेका दुसऱ्याला." माझं डोकंच फिरलं. माझ्या माणसांना चोर म्हणतो! म्हटलं, पुरावा हवा ना, असा देते की तोंड बंद होईल.

कॉलेज रोडला दोन खोल्यांत एक मुलगी सॉफ्टवेअर करायची. हुशार, मितभाषी. तिला मी सगळं सांगितलं. माणूस टॉवरच्या पायाशी पोचला की मोबाईलनं आकाशातून जागा पकडायची, आणि तिथे उभा असेल तरच बटण उघडायचं. हिरवं बटण म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे बिघाड. डोंगरात रेंज नसते, म्हणून नोंदी फोनमध्ये साठायच्या आणि रेंजमध्ये आलं की आपोआप आमच्याकडे यायच्या. टॉवर क्रमानंच घ्यायचे. एक बंद केल्याशिवाय दुसरा उघडणार नाही, म्हणजे मधले गाळता येणार नाहीत. आणि लाल दाबलं तर फोटो सक्तीचा. फोटोचं डोकं माझं. उगाच कुणी खोटी तक्रार टाकून कंपनीची माणसं पळवू नयेत म्हणून.

ती मुलगी म्हणाली, "मॅडम, एकदा तुमच्या माणसांबरोबर एक दिवस फिरून येते. ते काम कसं करतात ते बघते, मग बनवते."

मी हसले. "अगं, तिथे चहाची टपरी नाही, बाथरूम नाही. आणि त्यांना काय कळतंय त्यातलं? मी सांगतेय ना!"

तिनं मान डोलावली. पैसे देणारी मी होते, ती काय बोलणार?

आठ फोन घेतले. एका रविवारी सगळ्यांना नाशकात बोलावून शिकवलं, वडापाव खाऊ घातले. पोरं भराभर शिकली. दादांनी फोन दोन्ही तळव्यांवर धरला, देवाचा प्रसाद धरावा तसा. हिरवं आणि लाल त्यांनी दोन-चारदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "झ्याक हाय."

पहिल्या महिन्याचा कागद निघाला. बाकी सातांचे जवळजवळ सगळे टॉवर भरलेले. दादांचे बेचाळीसपैकी नऊ.

साहेबांनी तो कागद माझ्यासमोर सरकवला आणि नुसते हसले. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुसऱ्या दिवशी दादांना बोलावून घेतलं. पहाटेची एसटी धरून आले बिचारे, हातात घरच्या तांदळाची पिशवी. मी सातही माणसांसमोर त्यांच्यावर तोंड सोडलं. "दादा, तुमच्या भरवशावर मी उड्या मारल्या आणि तुम्ही मला तोंडघशी पाडलंत! बेचाळीसातले नऊ? बाकी दिवस काय करत होतात, झोपा?"

ते उभेच होते. बसा म्हणायचंही मला सुचलं नव्हतं.

"बाय, मी समद्या थाळ्या बघितल्या," ते म्हणाले. "पण खालून काय दिसंल? खालून निस्ते त्याचे पाय दिसतात. मी समोरच्या डोंगरावर बसतो. सूर्य पाठीला घेतला की थाळ्या उजेडात येतात. एका डोंगरावरून पाच-सहा टावर बघून होतात. तडकलेली थाळी काळी दिसते."

इतक्या वर्षांचं गुपित त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मी त्या क्षणी उठून त्या मुलीला फोन करायला हवा होता, की बाई गं, डोंगरावर उभं राहूनही बटण उघडेल असं कर. तिनं आठवड्यात केलं असतं. पण मी म्हटलं, "ते मला सांगू नका. कंपनीला टॉवरच्या पायाशी माणूस हवाय. पायाशी उभे राहा आणि बटण दाबा."

"बरं बाय."

पुढच्या महिन्यात बेचाळीसपैकी बेचाळीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही. साहेब खूश, मी खूश. त्या मुलीच्या ऑफिसात पेढे नेऊन दिले. ओढे उतरत, कारवीच्या रानातून वाट काढत, पन्नाशी उलटलेला माणूस प्रत्येक टॉवरच्या पायाशी जात होता. तिथे आकाशाकडे फोन धरून पाच-पाच मिनिटं उभा राहत होता आणि हिरवं दाबून पुढे जात होता. हे सगळं करून सुट्टीच्या दिवशी ते परत समोरच्या डोंगरावर जाऊन बसायचे, हे मला फार उशिरा कळलं. त्याचा कुणी पगार देत नव्हतं. मी तर नाहीच.

श्रावण संपत आला होता. मी बँकेत रांगेत उभी होते आणि दादांचा फोन आला. रेंजसाठी उंचावर चढून आले असावेत, मागे वाऱ्याचा आवाज.

"बाय, चौतीसला वरून दुसरी थाळी तडकली. काल डोंगरावरून बघितली."

"मग लाल दाबा ना दादा. मला कशाला सांगता?"

"लाल दाबलं तर तो फोटू मागतोय. खालून फोटूत काय येत नाय, माळ लय उंच. डोंगरावरून काढू म्हणलं तर तिथं बटणच उघडत नाय. फोटूबिगर तो पुढं सरकत नाय आणि पुढचे आठ टावर अजून राहिलेत."

"दादा, सगळ्यांना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही हो? दरवेळी तोंडी सांगायचं, तोंडी सांगायचं! तोंडी आता काही चालत नाही."

त्यांनी विचारलं, "मंग हिरवं दाबू का?"

"दाबा काय दाबायचं ते! पण आज सगळी माहिती आली पाहिजे."

खिडकीवर माझा नंबर आला होता. मी फोन ठेवला. चौतीस, वरून दुसरी, हे मी साधं पावतीच्या मागेही लिहून घेतलं नाही. संध्याकाळी बेचाळीस हिरव्या खुणा आल्या आणि मी त्या कंपनीला पाठवून दिल्या.

नऊ दिवसांनी रात्रभर पाऊस लागला आणि पहाटे चौतीस नंबरची माळ तुटली. तार खाली नागलीच्या शेतात आली. शेतकरी बांधाच्या अलीकडे होता म्हणून वाचला. त्याचे दोन्ही बैल जागच्या जागी गेले. माणूस वाचला म्हणून कंपनीत सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग दोष कुणावर टाकायचा याचा शोध सुरू झाला. शोधायला लांब जावं लागलं नाही. मी करून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं होतं. तारीख, वेळ, जागा, आणि दादांच्या अंगठ्यानं दाबलेलं हिरवं.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ते सांगायला सोपं आहे. ठेका वाचला. माझ्या 'काटेकोर नोंदींचं' साहेबांनी बैठकीत कौतुकसुद्धा केलं. दादांना खोटी नोंद केली म्हणून काढून टाकलं आणि कंपनीच्या कुठल्याही कामावर घ्यायचं नाही असं लेखी कळवलं. त्या वर्षी दिवाळीनंतर दोघं नवरा-बायको जीपच्या टपावर बसून पिंपळगावकडे गेले, असं आमच्यातल्या एकानं मला सांगितलं. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. रडून काय होतंय? कुणाचं भलं झालंय रडून?

आता चौकशीचं. कंपनीच्या नाशकातल्या ऑफिसात तीन अधिकारी टेबलापलीकडे. टेबलावर माझ्याच सॉफ्टवेअरचा छापील कागद, त्यावर चौतीसच्या ओळीखाली रेघ. दादा उभे, मी खुर्चीत.

"चौतीस नंबरला तू गेला होतास?"

"गेलतो साहेब."

"मग तडकलेली थाळी दिसली नाही? की दिसूनही हिरवं दाबलंस?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आठवणही करून देत नव्हते. आता बाय सांगेल, एवढंच होतं.

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, यानं तुम्हाला काही कळवलं होतं?"

"रेकॉर्डला काही नाही," मी म्हटलं.

"रेकॉर्ड आमच्यासमोरच आहे. तोंडी काही?"

मी त्या वेळी मनात हिशेब केला की सात माणसांची घरं माझ्यावर आहेत, ठेका गेला तर सगळेच रस्त्यावर येतील. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले. ते खोटं आहे. मला त्या क्षणी सात माणसांतला एकही आठवला नव्हता. मी घाबरले होते. दोन बैलांचं पाप माझ्या नावावर लागेल, पोलीस माझ्या दारात येतील, दीर म्हणतील, सांगितलं होतं ना! एवढंच होतं डोक्यात. शिव्या देताना वाघीण असलेली मी, खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझी बोबडी वळली.

"नाही," मी म्हटलं. "तोंडी काही सांगितलं नव्हतं."

अधिकाऱ्यांनी दादांकडे बघितलं. "काय रे? बाई म्हणतात ते बरोबर आहे?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. वाटलं, आता बोलतील. मनातून मी देवाला म्हणत होते, बोलू दे त्यांना, एकदाचं बोलू दे, म्हणजे मीही हो म्हणेन.

"बरोबर हाय साहेब," दादा म्हणाले. "मी नाय सांगितलं. बाय कशाला खोटं बोलंल?"

आणि जबाबावर अंगठा उठवायला शाईची डबी त्यांनी स्वतःच पुढे ओढून घेतली.