मी उघडलेलं दार

काल गुलमंडीत रद्दीच्या दुकानात ती कादंबरी दिसली. हातात घेतली तर तोच कुबट वास.

वडिलांची शाळा निजामाच्या काळातली, सगळी उर्दूत. मराठी ते अडखळत वाचायचे, म्हणून मी त्यांना वाचून दाखवायचे. कादंबरीच्या शेवटी नायक भावाच्या दारात येतो. वीस वर्षांपूर्वी त्याच्याशी भांडल्याची माफी मागायची असते. पुस्तकात ते दार उघडत नाही. मला तसं वाचवेना. ओळीवर बोट ठेवून मी म्हटलं, "भावानं दार उघडलं."

दुसऱ्या दिवशी वडील सकाळच्या एसटीनं कन्नडला गेले. तिथं त्यांचे थोरले भाऊ राहायचे. त्यांचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे.

संध्याकाळी ते परतले, तेव्हा मी भीतभीत विचारलं, "काकांनी दार उघडलं का?"

"व्हय, उघडलं की," वडील चपला काढत म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

काका पुढं कधीच आमच्याकडं आले नाहीत. मी चुकले की बरं केलं, कोण जाणे. काल शेवटचं पान पुन्हा काढलं. दार बंदच होतं. मी त्यांना वाचून दाखवलं तसंच त्यांनीही मला वाचून दाखवलं का, ते मात्र अजून कळत नाही.