कुमुदच्या हातचं टेंपे

गुरुवारी सकाळी फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या चष्म्याच्या दुकानात एक डोळा झाकून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होतो. फोनवर पद्मा होती, माझ्या धाकट्या बहिणीची, कुमुदची, अंबरपेठेतली शेजारीण. "अन्ना, जल्दी आओ. टीचरगारू उठ नहीं रहे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. कुमुद शाळेत शिकवायची, म्हणून पद्मा तिला टीचरगारू, म्हणजे बाई, म्हणायची. दुकानदाराला मी काय सांगितलं, रिक्षा कशी मिळाली, काही आठवत नाही. पोचलो तेव्हा कुमुद स्वयंपाकघराच्या दाराशी वेताच्या खुर्चीत होती, मान जराशी कललेली, पायात सपाता. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, म्हणाले. एकसष्ट वर्षांची होती. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठा, दोनदा अँजिओप्लास्टी झालेला, आणि गेली ती. चाळीस वर्षं सिटी कोर्टात वकिली केली, पण हा निकाल मला मान्य नाही आणि त्याविरुद्ध जायचं कुठे तेही कळत नाही.

तिला आतल्या खोलीत ठेवलं आणि तासाभरात घर माणसांनी भरलं. आमच्या चुलतभावाची बायको, मालूवहिनी, अशा वेळी सगळं हातात घेते. कोणाला कळवायचं, दर्भ कुठून आणायचे, पिठलं-भात कोणाकडून यायचा, तिला सगळं पाठ असतं. घरात माणूस गेलं की घरातलं शिजवलेलं अन्न टाकून देतात, तसं तिने ओट्यावरचं वरण टाकलं, भाजी टाकली आणि मग ओट्याखालचा थर्माकोलचा डबा उघडला. "अगंबाई! भाऊजी, हे बघा, केवढी बुरशी आलीय याच्यावर. टाकू ना?" मी तिथेच उभा होतो. डब्यात पांढऱ्याशुभ्र बुरशीने बांधलेल्या दोन लाद्या होत्या. डब्यातला ऊब देणारा दिवा बंद केलेला होता. मी लादीवर हात ठेवला. गरम होती. आतल्या खोलीत कुमुदचा हात मी नुकताच सोडून आलो होतो, तो गार होता. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "टाका."

ते टेंपे होतं. ते तिने माझ्यासाठी लावलेलं होतं, कारण चार दिवसांपूर्वीच्या रविवारी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मी ते तिच्याकडे मागितलं होतं.

वाचकांना टेंपे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण नऊ वर्षांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. सोयाबीन भिजवायचे, पाण्यात चोळून चोळून त्यांची सालं काढायची, शिजवायचे, फडक्यावर पसरून अगदी कोरडे करायचे. कोमट झाले की थोडं व्हिनेगर आणि एका विशिष्ट बुरशीची चिमूटभर पूड, म्हणजे त्याचं विरजण, लावायचं आणि भोकं पाडलेल्या पिशवीत भरून दीड-दोन दिवस उबेत ठेवायचं. बुरशी वाढताना स्वतःच ऊब धरते आणि दाण्यांना एकमेकांत घट्ट बांधते. त्याची लादी होते, सुरीने काप पडतील अशी. पदार्थ मूळचा इंडोनेशियाचा. अंबरपेठेत तो आणला आमच्या कुमुदने.

जामबागेतल्या शाळेत तिने तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. "बेडूक कापणाऱ्या मुलीला कोण करून घेणार," असं मी चिडवायचो आणि ती म्हणायची, "बेडकांची स्थळं येतात रे दादा, पण ती पावसाळ्यापुरतीच." निवृत्त व्हायला अजून काही वर्षं असताना एका सकाळी ती घराजवळच्या तबेल्यात दूध आणायला गेली. तिथल्या म्हशीचं पारडू मेलं होतं. गवळ्याने त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं केलं होतं आणि म्हैस ते चाटत पान्हा सोडत होती. कुमुद रिकामी बरणी घेऊन परत आली. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप सगळं बंद. ती व्हीगन झाली. मी तर वरणभातावर तुपाची धार नसेल तर ताटावर न बसणारा माणूस. मी म्हणालो, "हे महिनाभराचं खूळ आहे." ती भांडली नाही. भांडायची नाहीच कधी, हीच तिच्याशी भांडायची अडचण होती.

बायको गेल्यापासून दर रविवारी मी जेवायला तिच्याकडे. टेंपे पहिल्यांदा ताटात आलं तेव्हा मी वास घेतला आणि म्हणालो, "कुमे, बुरशी खायला घालतेस? मृत्युपत्रात काही मिळेल अशा आशेत राहू नकोस." ती हसून म्हणाली, "दही खातोस ते काय आहे? जंतूच ना? ते तुझ्या ओळखीचे, एवढंच." ते पहिलं टेंपे कडवट लागलं होतं, खडू चावल्यासारखं, आणि मी ते चारचौघांत पुढे कित्येक वर्षं सांगत राहिलो. तिने मात्र चूक शोधली. काप आधी दहा मिनिटं वाफवून घेतले की कडवटपणा जातो आणि मसालाही आत मुरतो, हे तिने शोधलं आणि नंतर कधीही न वाफवता केलं नाही. मग तिचे प्रयोग सुरू झाले. पातळ काप हळद, मीठ, तिखट आणि चिंचेच्या कोळात मुरवून तव्यावर, वांग्याच्या कापांसारखे. हाताने चुरा करून कांदा-मटाराबरोबर परतून खिमा. तोच चुरा गोडा मसाला घालून भरल्या वांग्यांत. पोह्यांत शेंगदाण्यांसारखे कुरकुरीत तळलेले बारीक तुकडे. पद्माने गच्चीतल्या कुंडीतला गोंगुरा दिला की त्या आंबट पाल्यात टेंपे. पद्माचा नवरा ते भाताबरोबर खाऊन खूश. बाहेरचे सगळे खूश होते. मी मात्र दर रविवारी निमूट जेवायचो आणि ती "कसं झालंय?" म्हणाली की म्हणायचो, "बरंय."

खरं सांगायचं तर आवडायला लागून बरीच वर्षं झाली होती. पण एवढी वर्षं चेष्टा केल्यावर आवडलं म्हणायचं कसं? आम्हा वकिलांना एकदा घेतलेली बाजू सोडता येत नाही, आणि त्यात मी थोरला भाऊ. शहाणपणा इतका अंगात मुरलेला की सख्ख्या बहिणीला "छान झालंय" म्हणायला नऊ वर्षं पुरली नाहीत.

मग ती जायच्या अकरा दिवस आधी, रविवारी, तिने सालन केलं. आपल्या हैदराबादचं, बगारा बैंगनचं असतं ते, शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं भाजून वाटलेला चिंचेचा दाट रस्सा, वर तेलाचा तवंग. त्यात दुधातुपाचा मुळात थेंब नसतो, ते तिच्या पथ्याचंच. वांग्यांऐवजी तिने वाफवून खरपूस परतलेले टेंपेचे मोठे चौकोन सोडले होते. मी तीनदा भात घेतला. तिने ते पाहिलं आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. पुढचा आठवडाभर मला त्या सालनाची आठवण येत राहिली... कोर्टाजवळून जाताना, झोपायच्या आधी, भलत्याच वेळी. पुढच्या रविवारी माझ्या गुडघ्यामुळे मला जाता आलं नाही, फोन केला. गुडघ्याचं सांगून झालं आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते सालनातलं तुझं... पुन्हा कधी करणारेस?" मग ती म्हणाली, "टेंपे म्हण की दादा." मी म्हणालो, "तेच ते." ती म्हणाली, "या रविवारी ये. दोन लाद्या लावते." एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

तिसऱ्या दिवशी पद्मा भेटायला आली. म्हणाली, "अन्ना, सोमवार को टीचरगारू मेरे पास आए थे. कितने खुश थे मालूम? बोले, मेरे दादा ने खुद माँगा. दो बार बोले." मग तिने ओट्याखालचा रिकामा डबा उघडून पाहिला आणि विचारलं, लाद्या कुठे गेल्या?

तेव्हा ठरवलं की चौदाव्याच्या जेवणाला तिच्या पानावर टेंपे वाढायचं. विरजणाची बाटली फ्रिजमध्ये असायची, तीही त्या दिवशी साफसफाईत गेली होती. पोस्टाने नवं मागवलं. सोयाबीन भिजवले, शिजवले, आणि जन्मात कधी स्वयंपाकघरात न गेलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने ओलेच पिशवीत भरले. दोन दिवसांनी डबा उघडला तर बुळबुळीत चिखल, मोरीसारखा वास. दुसऱ्यांदा करायला दिवस उरले नव्हते. जी गोष्ट ती दर आठवड्याला करायची, ती करताना मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

चौदाव्याला निदान दूध तरी येऊ द्यायचं नाही, एवढं मी धरून बसलो. खीर नारळाच्या दुधाची, वरणावर तूप नाही. एक आत्या पुटपुटली, "बिचारीच्या पानावर तुपाचा थेंब नाही, हे काय जेवण म्हणायचं?" माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी सांगितलं की नऊ वर्षं जे तिने तोंडाला लावलं नाही ते आज वाढायचं नाही, आणि जे तिने शेवटचं केलं होतं ते आपण उकिरड्यावर टाकलंय. मालूवहिनीचा चेहरा पांढरा पडला. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "मला काय माहीत हो भाऊजी... मला वाटलं नासलंय." ती रडायला लागली तेव्हा मला माझीच शरम वाटली. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी हात लावून पाहिलं होतं आणि मीच टाका म्हणालो."

पुढच्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेलो. मालूवहिनी आपणहून बरोबर आली. तिने फडताळं काढली, मी स्वयंपाकघर. दारामागे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. इतर घरांत त्याच्यावर दुधाचे लिटर लिहितात, कुमुदच्या कॅलेंडरवर बारीक, मास्तरणीच्या सुबक अक्षरात टेंपेचं वेळापत्रक होतं. मंगळवारी "भिजवणे". बुधवारी "लावले". गुरुवारी "सकाळी दिवा बंद, आता स्वतःची ऊब". म्हणजे त्या सकाळी ती उठली होती, दिवा बंद केला होता, लिहिलं होतं आणि मग खुर्चीत बसली होती. शुक्रवारी "काढणे". रविवारी "दादा. सालन." मला वाटलं तेवढंच असेल. पण ती माझ्या एका मागण्यावर महिना आखून बसली होती. पुढच्या रविवारी "दादा. खिमा, पाव." त्याच्या पुढच्या रविवारी "दादा. भरली वांगी, चुरा घालून." त्यापुढे वाचवलं नाही. मी पोळपाटाच्या बाजूला खाली बसलो आणि रडलो. बायको गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. मालूवहिनी दारात येऊन उभी राहिली, कॅलेंडर वाचलं आणि डाळीच्या डब्यांमागून सोयाबीनची पिशवी शोधून भिजत घातली.

ते टेंपे जमलं. सालं वहिनीने चोळून काढली, कोरडं करायचं काम माझं. तारखा उलटून गेल्या होत्या तरी कुमुदच्या क्रमानेच गेलो. तिच्याच ओट्यावर आधी सालन केलं, आठवड्याने खिमा, मग भरली वांगी. पद्मा आणि वहिनी जेवायला असायच्या. सालनाला तिचा तवंग आला नाही, वांगी थोडी करपली. मी प्रत्येक वेळी न विचारता सांगितलं की कुमुदचं याहून कितीतरी छान व्हायचं.

आता कॅलेंडरच्या त्या पानावर एकच रविवार उरला होता, महिन्याचा शेवटचा. त्या दिवशी मी एकटाच गेलो. लादी तयार होती, वाफवायला पाणी ठेवलं आणि कॅलेंडरपाशी गेलो. त्या चौकटीत पदार्थाचं नाव नाही. तिथे लिहिलंय, "दादा मागेल ते."

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, पाणी उकळून निम्मं झालं. मग मोठ्याने म्हणालो, "कुमे, सालन कर."