अक्काच्या पेटीतला दवणा
आज बाजारात फुलवालीने दवण्याची जुडी माझ्या नाकाशी धरली आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाची ती दुपार आठवली. कानडी मुलखात, चिकपेटेतल्या आमच्या घरी डोंगराकडून आलेला दवणा आधी देवीला वाहायचा आणि मग एकेक काडी सवाष्णींच्या वेणीत माळायची, अशी रीत होती. जुड्या सोडून पाणी शिंपडायचं काम माझ्या विधवा अक्काचं. तिच्या वेणीत मात्र काडी चालायची नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि विधवांच्या हक्कांची पत्रकं वाटत होते. कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, खात बसलेल्या बायकांसमोर मी उठले आणि एक काडी सरळ अक्काच्या केसांत खोवली. म्हटलं, “नवरा मेला, हिचं नाक नाही मेलं!” वाट्या खाली ठेवल्या गेल्या. शेजारची मामी कानडीत “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हणाली आणि उठली, “निघतो आम्ही.” अक्काने काडी काढून तबकात ठेवली. बायका गेल्यावर आईने अक्काची पेटी उघडली आणि कसर लागू नये म्हणून लुगड्यांच्या घड्यांत ठेवलेला दवणा वेचून फेकून दिला. “यापुढे कडुलिंबाचा पाला घाल,” एवढंच म्हणाली. मग अक्का माझ्याकडे वळली. “त्या वासाची लुगडी मी वर्षभर नेसत होते ग. कुणाची हरकत नव्हती. मला विचारायचंस तरी!” ती रीत दुष्टच होती, हे मी आजही पत्रकांत छापते. पण जुडी घेतली आहे आणि अक्काकडेच निघाले आहे. आधी विचारणार आहे, पेटीत की वेणीत.