जाधव वहिनींची बॅच

सात वर्षं दर रविवारी सकाळी लोकांना यमुनेकाठच्या पाणथळीत पक्षी दाखवत हिंडवलं, की किस्से साठतातच. पूर्वी माझ्या सगळ्या किश्शांचा हीरो मीच असायचो. गेल्या हिवाळ्यापासून प्रत्येक किश्शात जाधव वहिनी घुसतात. जळतो का मी? बिल्कुल जळतो!

*

वहिनी पहिल्यांदा आल्या त्या साध्या वॉकर म्हणून. मिस्टर फौजेत, राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये, माहेर साताऱ्याकडचं. त्या दिवशी धुकं होतं. मी वीस जणांना राखी बगळा दाखवत होतो. "बघा, दहा मिनिटं झाली, हलला नाही. याला म्हणतात पेशन्स!" सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे.

मागून आवाज आला, "सर, त्यो खांब हाय."

पुढच्या महिन्यात गर्दी वाढली, तेव्हा मीच मोठेपणाने म्हटलं, "वहिनी, दुसरी बॅच तुम्ही घ्या." मी! स्वतःच्या तोंडाने!

*

माझ्या बॅचमध्ये बोलायचं नाही, हा नियम. वहिनींकडे नियमच नाही. एकदा कमळपक्षी दिसला. मी कुजबुजत त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. पलीकडच्या बांधावरून वहिनींचा खणखणीत आवाज, "ह्यांच्यात अंडी नवरा उबवतो. बाई मोकळी, चालली दुसरं घर करायला!"

बायका अशा हसल्या, की माझ्यासमोरची सगळी बदकं भर्रकन उडाली. आणि उतरली कुठे? वहिनींसमोर!

*

एका रविवारी माझ्याकडे चारच जण उरले. त्यातला गाझियाबादचा एक तरुण फार मन लावून ऐकत होता. मला अगदी भरून आलं. वॉक संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सर, वहिनीजी की बॅच में जगह कब होगी?"

*

वर्षा, म्हणजे माझी बायको, गुडघे दुखतात म्हणून सात वर्षांत एकदाही माझ्या वॉकला आली नाही. जानेवारीत बघतो तर वहिनींच्या बॅचमध्ये सगळ्यांत पुढे! घरी विचारलं, "आणि गुडघे?"

"अहो, तुमचं मी घरी रोज ऐकतेच की!"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही.

*

शेवटी ठरवलं, ही बाई सांगते तरी काय, बघू. चुकाच काढू. ग्रुपवर टाकलं, 'ताप आहे, माझी बॅच रद्द.' वर्षा माझ्या हातात गोळी ठेवून वॉकला गेली. मी सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेली माकडटोपी घातली, प्रदूषणाचा मास्क लावला आणि वहिनींच्या बॅचच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. दिल्लीच्या थंडीत निम्मी बॅच तशीच दिसते.

चुका लिहायला वही नेली होती. दोन लिहिल्यासुद्धा. मग वहिनींनी पट्टकादंब हंस दाखवले. "हिमालय ओलांडून येत्यात. आल्यावर काय करत्यात? फौजी सुट्टीवर घरी आल्यावर करतो त्येच! आधी जेवण, मग झोप, मग भांडण." आणि समोर खरंच दोन हंस भांडायला लागले. वही कधी खिशात गेली, कळलंच नाही.

वॉक संपला तसं वहिनींनी विचारलं, "पुढच्या रविवारी कोण कोण येणार? हात वर!"

सगळ्यांत आधी वर गेला तो माझा हात.

शेजारच्या मास्कमधून वर्षाचा आवाज आला, "ताप उतरलेला दिसतोय. हात खाली घ्या अहो, पुढच्या रविवारी तुमची बॅच आहे."