विलायती गाडी आणि पारनेरकडचा बोळ

माझे सासरे बैलजोडी आणायला म्हणून घरातून निघाले आणि मोटारगाडी घेऊन आले. माझ्या लग्नाला तेव्हा दीड महिना झाला होता, त्यामुळे या घरात असंच चालतं की काय, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी अकोले तालुक्यातली, डोंगरातली. आमच्या तिकडे चार चाकांचं म्हणजे एसटी आणि जीप. ही गाडी ओसरीएवढी लांब, काळी कुळकुळीत, आतून तांबड्या कातड्याची, आणि नाकावर एक चांदीचं पाखरू. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कंपनी अजून चालू आहे, आणि तिच्या गाडीचं आम्ही जे केलं ते वाचून तिथल्या माणसांना दोन दिवस जेवण जायचं नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष होतं ते. विहिरींना पाणी होतं, ऊस चांगल्या वजनाने कारखान्याला गेला होता, आणि मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, मान एकदम ताठ झाली होती. घोडेगावच्या बाजारात मनासारखी जोडी मिळाली नाही म्हणून ते तसेच नगरला एका ओळखीच्या कंत्राटदाराकडे चहाला गेले. बरोबर आमचे हे होते, पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. कंत्राटदार गाव सोडून चालला होता आणि त्याला दारातली विलायती गाडी काढायची होती. मामंजींना जनावर पारखण्यापलीकडे दुसरी कसली पारख येत नव्हती, त्यांनी तीच लावली. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या जाळीत बोटं घालून दात मोजावेत तसं मोजलं. पाठीवर थाप मारून कान लावला. खाली वाकून चारी पाय बघितले. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, “उभी ऱ्हायली झोकात. खोड काय हाय?”

आमच्याकडच्या बाजारात हा प्रश्न गमतीने विचारत नाहीत. विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगायची. मारकं आहे, पाण्यात बसतं, छत्री बघून उधळतं, जे असेल ते. घेणाऱ्याने ‘पटलं’ म्हटलं की मिटलं. पुन्हा जन्मात त्या खोडीबद्दल तोंड उघडायचं नाही.

कंत्राटदार सरळ माणूस. त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि सांगितलं, “मागं जात नाही. रिव्हर्स पडतच नाही हिचा. बाकी राणी आहे.”

मामंजी हसलेच. “ही काय खोड झाली व्हय? गाडीला जुपल्याला बैल तरी कुठं मागं चालतो? पटलं!”

आमचे हे ट्रॅक्टरवर हात बसवलेले, त्यांनी गाडी घरापर्यंत आणली. दारात पोचल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आत घातलेली गाडी बाहेर काढायची सोय नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी मामंजींनी गोठ्याची मागची भिंत पाडली. तेव्हापासून गाडी पुढच्या दाराने घरात यायची आणि गोठ्यातून, दोन म्हशींच्या मधून, मागच्या रानात निघायची. म्हशी आधी बिचकल्या, मग आपणहून अंग चोरून वाट द्यायला लागल्या. नगरचा मेस्तरी म्हणाला होता की खोलून बघतो, जमलं तर रिव्हर्स टाकून देतो. मामंजींनी त्याला हाकलून लावलं. “त्या मान्सानं हात ठिऊन खोड सांगितली, मी पटलं म्हन्लो. आता दुरुस्त करायची म्हंजी त्याला खोटं पाडायचं.” यात तो खोटा कसा पडतो हे मला आजवर उमगलेलं नाही, आणि मी पुष्कळ विचार केलेला आहे.

गावात गाडी वळवायला जागा एकच, मारुतीच्या देवळाभोवतीची. म्हणून कुठूनही आलं की आधी मारुतीला एक फेरी, मग घर. वळण नीट बसलं नाही तर दोन फेऱ्या. चार महिन्यांत मामंजींचं नाव पंचक्रोशीत झालं, की एवढी विलायती गाडी घेतली पण माणूस देवाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. लोक त्यांना वाकून नमस्कार करायला लागले, आणि तेही खुशाल करून घ्यायला लागले. मला तर हसू आवरत नसे, पदर तोंडात कोंबून मी चुलीपाशी पळायची.

लग्नसराई आली तशी गाडीला नवरदेवांची रांग लागली. एका लग्नात आमच्या ह्यांचा ब्रेक जरा उशिरा लागला आणि नवरदेव मांडवाच्या पुढे निघून गेला. मागे तर येता येईना! मग वाजंत्री, करवल्या, सगळे पाठीमागे पळतायत आणि नवरदेव खिडकीतून मुंडावळ्या धरून ओरडतोय, अशी ती गाडी शेजारच्या गावाला वळसा घालून परत आली. तोवर मुहूर्त टळला होता. भटजींनी पंचांगात बोट फिरवून दुसरा शोधून काढला, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला आहे असं शपथेवर सांगितलं.

तर सगळं गाव त्या गाडीत बसलं. नवरदेव बसले, गुरांचे डॉक्टर बसले, तालमीतले पैलवान बसले. एकदा अडलेली शेळी मागच्या सीटवर गोणपाट टाकून नगरला नेली. बसल्या नव्हत्या त्या फक्त माझ्या सासूबाई.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचं माहेर पारनेरच्या पुढे एका खेड्यात. आमचे हे जन्मले त्या बाळंतपणानंतर, म्हणजे बावीस वर्षांत, त्या माहेरी एक रात्र राहिल्या नव्हत्या. जायच्या ते एसटीने, फाट्यावर उतरून पायी, आणि हातावरचं पाणी वाळायच्या आत परत, कारण संध्याकाळच्या धारा. त्यांना दागिना नको होता, लुगडं नको होतं. एकदाच त्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसून, भावाच्या दारात उतरायचं होतं. तसं त्यांनी सांगितलंही होतं, सरळ, घरातल्या सगळ्यांसमोर.

मामंजींचं उत्तर ठरलेलं. “तुज्या भावाचं घर बोळाच्या टोकाला. गाडी आत जाईल, बाहेर कशी यील? आन तुजं काय, तू घरचीच हायेस.”

घरचीच हायेस! शेळी बाहेरची होती का, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. मी तोंडाची फटकळ, पण नवी सून. मग मी दुसरा मार्ग धरला.

गाडीच्या पुढच्या खणात एक पुस्तक होतं, इंग्रजी, जाड, गुळगुळीत कागदाचं. घरात मॅट्रिकपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून मामंजींनी ते माझ्या हातात दिलं. “वाच. घरानं काय हाय हिचं ते कळू दे.” बैलाचं खानदान विचारतात तसं त्यांना गाडीचं हवं होतं. माझं इंग्रजी पास होण्यापुरतं. पुस्तकात तेल कुठे घालायचं आणि कुठला स्क्रू किती पिळायचा याच्यापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं, एवढं मला समजलं. पण सासरे समोर मांडी घालून बसलेले, त्यांना ‘स्क्रू’ काय सांगणार? मी पान उलटलं आणि जे सुचलं ते वाचायला लागले.

कंपनीचा मूळ पुरुष लोहार होता, हे मी पहिल्या दिवशी वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याला तीन मुलगे झाले. तिसऱ्या दिवशी त्याची पहिली गाडी गावच्या ओढ्यात पडली आणि लोक हसले, पण त्याने हाय खाल्ली नाही. मामंजी डोळे मिटून ऐकायचे, आणि शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात जाऊन तेच सगळं आणखी मीठमसाला लावून सांगायचे. एका बाजाराला तर त्यांनी लोहाराला चौथा मुलगा घातला, आणि घरी येऊन मलाच म्हणाले, “धाकट्याचं फुडं काय झालं, बग बरं.”

असं सगळं रंगात आल्यावर मी मुद्द्यावर आले. एक पान अगदी जवळ धरून वाचलं, की लोहाराची बायको एक दिवस नवऱ्याला न विचारता गाडी काढून मुलांना घेऊन थेट माहेरी गेली.

मामंजींनी डोळे उघडले. “मंग? नवरा काय म्हन्ला?”

“म्हणाला, बरं झालं. त्यामुळेच गाडीचं नाव झालं, असं लिहिलंय.”

आत्याबाई भाकरी थापायच्या थांबल्या. मामंजींनी वाकून पानात डोकावून घेतलं. मग म्हणाले, “तिच्या माहेराला रुंद रस्ता आसंल.”

मी पुस्तक आपटूनच मिटलं. आता खरी गंमत सांगते. पुष्कळ वर्षांनी माझ्या नातवाने मला वाचून दाखवलं की मोटारी पहिल्यांदा बनवणाऱ्यांपैकी एकाची बायको खरोखरच असं नवऱ्याला न सांगता, मुलांना घेऊन, गाडी काढून आईकडे गेली होती. मी त्याला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. आयुष्यातली माझी एवढी मोठी थाप, आणि ती खरी निघावी!

थंडीत आत्याबाईंच्या भावाकडून नातवाच्या जावळाचं बोलावणं आलं. मामंजी म्हणाले, सकाळच्या एसटीने जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी नेसूचं बदललं, धारांचं शेजारणीला सांगितलं, सुपात गहू घेतले आणि गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मामंजी बाहेर आले तेव्हा त्या शांतपणे गहू निवडत होत्या आणि खडे खिडकीतून बाहेर टाकत होत्या.

“उतर. यष्टी जाईल.”

“तुमी जा की यष्टीनं.”

मामंजी रागावले, मग समजावलं, मग गोठ्यात जाऊन आले. एवढं सगळं होईपर्यंत सूप निम्मं झालं होतं. बसलेलं जनावर मारून उठत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शेवटी म्हणाले, “बरं. पर बोळाच्या तोंडाशी उतरायचं. गाडी आत घालायची न्हाई.”

“न्हाई घालायची,” आत्याबाई म्हणाल्या. गोठ्यातून जाता जाता सूप म्हशींपुढे ठेवलं आणि आम्ही निघालो. हे चालवायला, शेजारी आत्याबाई, मागे मामंजी आणि मी.

नगर गेलं, पारनेर गेलं. आत्याबाई सगळ्या रस्त्याला मान वळवून बघत होत्या, आणि ओळखीचं शेत दिसलं की कोणाचं ते सांगत होत्या. बोळाच्या तोंडाशी ह्यांनी गाडी थांबवली. बोळाच्या दुसऱ्या टोकाला घर दिसत होतं, दार उघडं, पण दारात कोणी नव्हतं. सगळे आत कामात असणार.

“ऱ्हाऊ द्या, हितंच उतरते,” आत्याबाई म्हणाल्या. “कुनाला दिसलं न्हाई तरी चालंल. मी बसले, तेवढं झालं.” आणि त्यांनी पदर सारखा केला.

मामंजींकडे बघायचं धाडस मला झालं नाही. शेजारून नुसता आवाज आला.

“घाल आत.”

“आबा, मागं यायचं न्हाई बरं का,” हे म्हणाले.

“ठावं हाय मला. घाल आत. आन हारन वाजव, चांगला वाजव.”

हॉर्न वाजवत गाडी बोळात शिरली. दोन्ही बाजूंच्या भिंती खिडक्यांना घासत होत्या, कोंबड्या पुढे पळत होत्या. गाडीचं नाक भावाच्या दारातून थेट अंगणात गेलं, पुढची दारं आत आली आणि मागची भिंतींमध्ये गच्च बसली. सगळं घर बाहेर धावलं. आत्याबाईंनी आपल्या हाताने दार उघडलं आणि माहेरच्या अंगणात पाऊल ठेवलं. भावजयीने भाकरतुकडा ओवाळला. आम्हा मागच्यांना मात्र दारं उघडेनात. मी लुगडं सावरत पुढच्या सीटवरून पलीकडे गेले. मामंजींचं धोतर गिअरच्या दांड्यात अडकलं, आणि गावातला तो पुण्यवान माणूस मेव्हण्याच्या दारात डोक्याकडून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने बोळाकडून गाडीच्या मागे दोन बैल जुंपले, गाडी उलटी ओढून काढायला. साखळी लावून झाली. मामंजी आत्याबाईंना बोलवायला आत गेले आणि लगेच परत आले. मी ओट्यावर चहा घेत होते.

“आत्याबाई आवरतायत का?” मी विचारलं.

“झोपलीया,” ते म्हणाले. ऊन चांगलं ओट्यावर आलं होतं. ते तसेच उंबऱ्याशी उभे राहिले. “तेवीस-चोवीस वर्सं झाली लग्नाला. मी उठायच्या आदी ती उठल्याली आसती. झोपल्याली मी तिला आजच बघितली.”

मग ते अंगणात उतरले आणि मेव्हण्याला म्हणाले, “सोडा ती बैलं. गाडी लई दमलीया. आठ दिस हलवायची न्हाई.”

“आवो दाजी, गाडी कुठं दमती व्हय?”

“माजी गाडी हाय, मला ठावं.” त्यांनी ह्यांना गाडीपाशी राहायला सांगितलं, खुंटीवरची पिशवी काढली, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, “धारंच्या आत घरी पोचायचं आपल्याला. यष्टी कितीला हाय?”