आईच्या शेजारची जागा

बाईंनी पर्समधून रुमाल काढला. प्याल्याची कड पुसली. चहूबाजूंनी फिरवून फिरवून पुसली. मग ओठ न लावताच प्याला पुढे दिला.

त्या प्याल्यातून नुकतीच माझी आई प्यायली होती.

आळेफाट्याजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा खाऊन झाला की, द्राक्षरसाचा प्याला हातोहात फिरायचा. सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घोट घ्यायचा, पुसायचा नाही. त्यातच तर सगळं आलं. मी शाळकरी पोरगी, आईला खेटून बसलेली. आई फाट्यावरच्या हॉटेलचे संडास धुवायची. हाताला फिनेलचा वास, रविवारीसुद्धा. आमची जात मंडळीत कुणी विचारत नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. बाई म्हणजे मंडळीच्या सेक्रेटरींच्या पत्नी. पहिल्या बाकावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं.

पुढच्या महिन्यात उपासना चालवणारे पाळक आईजवळ आले. हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही शेवटी घेत चला. उगाच कुणाच्या मनात काही नको."

आई म्हणाली, "बरं."

नुसतं बरं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येताना विचारलं, "तू गप का बसलीस?"

"तो हाय ना संगं. मी मागं बसले म्हनून तो काय उठून जातोय व्हय?"

देव कायम बरोबर असतो, हे तिनं बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकलं आणि घट्ट धरून ठेवलं. माहेरी शिनोलीला निघालो की एसटीत आपल्या बाजूला वीतभर जागा सोडायची. मला म्हणायची, "सरक जरा. त्याला बसू दे." कंडक्टर हसायचा. ती संडास धुवायची तेव्हाही म्हणे तो दाराशी उभा असायचा.

अशी ती वर्षानुवर्षं मागे बसली. तळाशी उरलेलं प्यायली, भाकरीचे कण तरंगणारं. सगळ्यांचं उष्टं तिला चाललं. तिचं कुणाला चाललं नाही.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मी तिच्या नेहमीच्या, मागच्या बाकावर बसले. नकळत बाजूला वीतभर जागा सोडली. आणि फिनेलचा वास आला. भास असेल. पण ती जागा रिकामी वाटेना. मान वळवायची मला भीती वाटली. कोण होतं तिथं? तो, की आई?

कुणीही असो, मागच्या बाकावर होतं. आईबरोबर त्यालाही यांनी इतकी वर्षं मागं बसवलं होतं. हे आईला कधी दिसलं नाही का? की दिसत होतं आणि तरी ती बरं म्हणाली? हा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

पाळक प्याला घेऊन पहिल्या बाकाशी आले. मी उठले. पुढे जाऊन बाईंच्या अलीकडे बसले, मध्ये वीतभर जागा ठेवून.

बाई म्हणाल्या, "तुमचं शेवटी असतं ना?"

"आईचं असायचं."

प्याला घेतला. प्यायले. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांचा हात पर्सकडे गेला.

"पुसायचा नाही," मी म्हणाले.

त्या उठून बाहेर गेल्या. उपासना संपल्यावर पाळक म्हणाले, "पुढच्या वेळी सगळ्यांना वेगवेगळे छोटे ग्लास आणू. म्हणजे वादच नको."

आणा म्हटलं. रुमालाऐवजी ग्लास, एवढाच फरक.

येत्या प्रभुभोजनाला मी आईचा स्टीलचा प्याला घेऊन जाणार आहे. त्यातून पिणार आणि शेजारच्यापुढे धरणार. बाई असोत, पाळक असोत. कुणी नाही घेतला तरी दर वेळी धरणार.

शेजारी वीतभर जागाही सोडणार. तिथं कोण बसतं, मला अजून कळलेलं नाही. पण ती जागा आता मागच्या बाकावर जाणार नाही.