विहिरीतले पाहुणे

नाते गावापासून पोलादपुरापर्यंत अशी एकही विहीर नसेल, की जिच्यात माझ्या भावजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, वाकून पाहिलं नव्हतं. माणसं कुणाकडे गेली की आधी घरधन्याची विचारपूस करतात. भावजी आधी मागीलदारी जात आणि विहिरीतल्या माशाची करत. आमच्या भागात विहिरीत एक-दोन मासे सोडायची रीत जुनीच. ते डासांच्या अळ्या खातात, पाणी निवळ राहतं, एवढाच लोकांचा हिशेब. भावजींनी त्याचं शास्त्र करून ठेवलं होतं. मासा तळाशी फिरत असेल तर पाणी उत्तम. मधल्या पाण्यात असेल तर बरं. आणि वर येऊन तोंड उघडत असेल तर त्या घरी फक्त चहा घ्यायचा, तोही उभ्यानं. जिथं मासाच नाही, तिथलं पाणी ते पीतच नसत. पाचाडला एका लग्नात ऐन वैशाखात ते अख्खा दिवस मठ्ठ्यावर राहिले. मठ्ठ्यातही त्याच विहिरीचं पाणी असतं, असं कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा म्हणाले, "असेल. पण त्याची जबाबदारी दह्यानं घेतलेली असते."

माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी जे केलं, ते पोलादपुरात अजून सांगतात. आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, पण भावजींचा पत्ता नाही. बऱ्याच वेळानं ते मागच्या दारानं आत आले आणि मुलीच्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. पण तुमचा मासा गुदमरतोय." ते बिचारे हात जोडून उभे राहिले, मुलाकडच्यांचा हा मागणीचा नवा प्रकार असावा, असं त्यांना वाटलं. विहिरीवर आंब्याची एक मोठी फांदी वाकली होती आणि तिचा पाला पाण्यात पडून कुजत होता, एवढंच. "फांदी उतरवा, पाला उपसा, मग याद्या करू," भावजींनी निकाल दिला. फांदी उतरली. आठवड्याभरानं भावजी पुन्हा पोलादपूरला जाऊन आले, अर्थात मुलीला नव्हे, माशाला पाहायला. मग याद्या झाल्या. माझी बायको आजही म्हणते, "ह्यांनी मला पसंत केलंच नाही. आमच्या माशाला बरं वाटलं, म्हणून मी या घरात आले."

गांधारी नदीच्या डोहात कुणी ताग कुजत घातला, की भावजींची झोप उडे. शेराच्या झुडपाचा विषारी चीक पाण्यात कालवून मासे धरणाऱ्या एकाला त्यांनी भर बाजारात अडवून विचारलं होतं, "उद्या तुझ्या आमटीत कुणी असंच कालवलं, तर वर तरंगशील ना रे?" इतकं असून ते शाकाहारी मुळीच नव्हते. महाडहून आलेली कोलंबी आणि सुके बोंबील ते बोटं चाटत खात. मी एकदा विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "मास्तर, खाडीतले मासे माझ्या ओळखीचे नाहीत."

ओळखीचे होते ते त्यांच्या स्वतःच्या विहिरीतले. नात्याला घरामागे त्यांची मोठी बांधीव विहीर होती आणि तिच्यात गांधारीतून आणलेले मळ्या जातीचे पाच मासे होते. सगळ्यांत थोरला मळ्या त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वर्षी आणलेला. या माशांना ते 'पाहुणे' म्हणत. माझी ताई म्हणे, "पाहुणे चार दिवसांनी जातात. हे कसले पाहुणे, हे तर घरजावई!" पण भांडी घासताना उरलेली शितं ती रोज विहिरीत टाकी, आणि तिची बांगडी वाजली की पाचही तोंडं वर येत. भावजी आले, की मात्र मासे बुडी मारत. भावजी याचा अर्थ मासे आदब पाळतात, असा लावत.

एका वर्षी उन्हाळ्यात खालच्या वाडीत पटकी आली. एक म्हातारी दगावली, दोन घरांत माणसं अंथरुणाला लागली. वाडीची विहीर आटली होती. सगळं गाव भावजींच्या विहिरीवर येत होतं. दुपारी आरोग्य खात्याचे साहेब सायकलवरून लाल औषधाचा डबा घेऊन आले. मी सुट्टीत तिथंच होतो. औषध टाकलंच पाहिजे, हे भावजींना मान्य होतं. त्यांची एवढीच विनंती होती, की आधी पाहुणे बाहेर काढू द्या.

"हे औषध थोडं असतं, माशांना काही होत नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही माशांना विचारलंत?" भावजी म्हणाले.

साहेबांनी डबा खाली ठेवला. शेजारचा गणू टोपली घेऊन विहिरीत उतरला. भावजी काठावरून सूचना देऊ लागले, "हळू रे! नवरीला पालखीतून उतरवतात तसं!" गणू कमरेइतक्या पाण्यातून ओरडला, "भाऊ, गळ टाकतो ना, झटक्यात वर येतील!" भावजी भडकले, "पाहुण्याच्या तोंडात आकडा घालतोस?"

मासे ठेवायचे कशात, हा प्रश्न आला. ताईनं मातीचा रांजण पुढं केला. भावजींना ते अपमानास्पद वाटलं. ज्या तांब्याच्या घंगाळात घरातले जावई आंघोळ करत, ते त्यांनी काढायला लावलं, आणि चिंच लावून असं लखलखीत घासून घेतलं, की त्यात आभाळ दिसावं. एकेक मळ्या त्यात सोडला गेला, तसा गणू म्हणाला, "भाऊ, आमाला कदी तांब्याच्या भांड्यात नाय बसवलंत!"

चार मासे आले. थोरला येईना. टोपली डावीकडे गेली, की तो उजवीकडे. उजवीकडे गेली, की तळच्या झऱ्यात. ऊन कलायला आलं. कळशी घेऊन ताटकळत उभी असलेली खालच्या वाडीतली एक बाई अखेर बोलली, "भाऊ, आमची मानसं आडवी पडलीत, नि तुमी मासं कसलं धरीत बसलाव?"

भावजींचा चेहरा एकदम उतरला. "खरं आहे गो बाय," ते म्हणाले. गणूला वर बोलावलं, साहेबांना म्हणाले, "टाका." पाणी गुलाबी होत गेलं, तेव्हा ते गोठ्याकडे तोंड करून उभे होते.

सकाळी घंगाळातले चारही मासे उलटे होऊन तरंगत होते. आणि विहिरीत, फिकट गुलाबी पाण्यात, थोरला मळ्या तळाशी निवांत फिरत होता.

तांब्याचा अंश माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही, त्यात चिंचेनं तो आणखीच पाण्यात उतरतो, हे मी पुढं शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचलं. जे भांडं आपण पाण्यासाठी सगळ्यांत शुद्ध मानतो, तेच. भावजींना हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यांनी कारण विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, "मास्तर, माझ्या हाती जे आले ते गेले. जो आला नाही, तो आहे."

त्यानंतर त्यांनी कुणाच्या विहिरीत वाकून पाहिलं नाही. लोक मुद्दाम बोलावत, "भाऊ, आमचा मासा बघा की जरा!" ते हसून म्हणत, "त्याचं त्याला कळतं." स्वतःच्या विहिरीवर मात्र रोज सकाळी मूठभर भात घेऊन जात. आपली सावली पाण्यावर पडली, की थोरला बुजतो, हे त्यांनी आता मान्य केलं होतं; म्हणून काठापासून दोन हात मागं उभे राहून भात आत टाकत आणि ताईला विचारत, "आला का गो?" ताई धुण्याच्या दगडावरून म्हणे, "आला." मग ते समाधानानं घरात जात. मी नात्याला गेलो, की हा सोहळा पाहत असे. किती वर्षं चालला, कोण जाणे.

गेल्या फाल्गुनात भावजी गेले. तेरावं झाल्यावर पै-पाहुणे पांगले, मी आणि ताई मागीलदारी बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती, डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त.

"ताई, तो मळ्या अजून आहे?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मोतीबिंदू झाल्यापासून मला विहिरीचा काठसुद्धा धड दिसत नाही. त्याला झाली की बरीच वर्षं."

"मग तू रोज 'आला' म्हणायचीस, ते?"

तिनं सुपातला एक खडा चाचपून बाहेर टाकला.

"ते विचारायचे ना," ती म्हणाली. आणि सूप पुढं ओढून, "तू बघून ये हवं तर."

मी उठलो नाही.